‘आधी कोण?’चं परीक्षण

गहिनीनाथ बडे यांनी नेवाशात जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर सत्तावीस वर्षं काढली आणि निवृत्त होऊन सावेडीत फ्लॅट घेतला. तिथं त्यांनी चार नाटकं लिहिली. चारही नाटकांत कुणीतरी मरतं आणि लोक हसतात.

चौथं नाटक ‘आधी कोण?’. गावात वैकुंठरथ एकच आणि एकाच सकाळी मयतं दोन. एका घरात चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी, दुसऱ्या घरात शिंप्याचा तरुण मुलगा. म्हातारीचा पुतण्या म्हणतो, “आमची म्हातारी वयानं मोठी. आधी तिचा मान.” ते ऐकून शिंपी, मुलाचा बाप, मोठ्यानं हसतो. इथं सगळं सभागृह हसायचं.

पहिल्या प्रयोगानंतर तिसऱ्या दिवशी पेपरात परीक्षण आलं. लिहिणारी पंकजा गर्जे कॉलेजात मराठी शिकवायची. तिनं लिहिलं होतं : ‘विनोद धारदार आहे, पण निर्दय आहे. लेखकाच्या घरातलं कधी कुणी गेलेलं दिसत नाही.’

गहिनीनाथांनी ते दोनदा वाचलं आणि पेपर टेबलावर ठेवला. त्यांची बायको रतनबाई हिनं तो उचलला. नवऱ्याचं एकही नाटक तिनं पाहिलं नव्हतं.

“त्या बाईला फोन लावा,” ती म्हणाली. “करणचं सांगा तिला.”

“सांगून नाटक बदलतं का?”

करण त्यांचा मुलगा. अकरा वर्षांपूर्वी, एकोणिसाव्या वर्षी डेंग्यूनं गेला. नेवाशात त्या सकाळी रथ एकच होता आणि मानाचं ते वाक्य कुणीतरी खरंच बोललं होतं. ते ऐकून गहिनीनाथ सगळ्यांदेखत मोठ्यानं हसले होते. काही पाहुणे त्यानंतर त्यांच्या घरी आले नाहीत. रतनबाईनंही तो विषय कधी काढला नव्हता.

शेवटी फोन तिनंच लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी पंकजा स्कूटरवरून आली. पाण्याचा ग्लास हातात तसाच धरून बसली.

“काका, मी पुन्हा लिहिते. करणबद्दल लिहिते.”

“नको. मग लोक रडायच्या तयारीनं येतील. नाटक तिथंच संपलं.”

“पण मी चुकीचं लिहिलंय.”

“एक वाक्य चुकीचं आहे. तेवढं मागं घ्या. बाकी तुमचं मत.”

पंकजा म्हणाली, “बाकी मत तेच आहे. दुसरा अंक मला निर्दयच वाटतो.”

“असू द्या.”

रविवारी पेपरात तीन ओळींची दुरुस्ती आली. त्या आठवड्यात सावेडीत दुसरा प्रयोग होता. रतनबाई नवऱ्याला न सांगता रिक्षानं गेली आणि शेवटच्या रांगेत बसली. मानाच्या वाक्याला लोक हसले. ती हसली नाही, उठूनही गेली नाही.

घरी चहा करताना म्हणाली, “त्या बाईचं थोडं खरं हाय.”

“काय खरं आहे?”

“नाटकातला बाप हसतो आन् मोकळा होतो. तुमी कुठं मोकळे झालते? हसलात, आन् मग रथाचं दार धरून ठिवलं. सोडंनात. चौघांनी बोटं सोडवली तुमची. ते न्हाई लिहिलं.”

आपण दार धरलं होतं हे गहिनीनाथांना आठवत नव्हतं.

“ते हसण्यासारखं नाही,” ते म्हणाले.

“व्हय. म्हणूनच सांगितलं.”

त्यांनी तो प्रसंग लिहिला. संवाद एकही नाही. शेवगावच्या प्रयोगात बाप हसला, लोक हसले, मग त्यानं दार धरलं. हाही विनोदच समजून लोक हसत राहिले. माणसं एकेक बोट सोडवू लागली तसं हसणं कमी होत गेलं, पण मागच्या बाजूला एक माणूस शेवटच्या बोटापर्यंत हसत होता. गहिनीनाथ विंगेत उभे होते. त्यांना त्या माणसाचा राग आला नाही. त्याचा चेहरा तेवढा बघायचा होता, पण खाली अंधार होता आणि पुढचा प्रसंग सुरू झाला होता.