वाकडा पाना

आबांची गाडी सुरू झाली की अख्खी गल्ली डोक्यावर घ्यायची. इंजिनातून अशी किंचाळी निघायची की समोरची शेजारीण खिडक्या आपटून बंद करायची. शेवटी आबांच्या धाकट्या मुलाने परस्पर भंगारवाल्याशी बोलणं करून टाकलं आणि मग थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, फोन केला.

"उद्या सकाळी घेऊन येतोय त्याला. गाडी ओरडली तर जाईल. नाही ओरडली तर ठेवा, मी चकार शब्द काढणार नाही."

हेही त्याने उपकार केल्यासारखं सांगितलं.

आबांचा सगळा जन्म बस डेपोत इंजिनं दुरुस्त करण्यात गेला होता. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि बोलणंही आटलं. घरात ते भिंतीकडे बघत बसायचे. पण दुपारी ताई त्यांना गाडीतून फेरी मारून आणायची, तेव्हा शेजारच्या सीटवर त्यांना कंठ फुटायचा. "गिअर बदल." "घाई कशाला?" गाडी गेली तर हेही जाईल, हे ताईला ठाऊक होतं.

दुखणं काय ते आबांनी केव्हाच सांगितलं होतं. "पट्टा ढिला."

उपाय सोपा होता. इंजिनाचा पट्टा ज्याच्यावरून फिरतो त्या अल्टरनेटरचे दोन बोल्ट सैल करायचे, तो बाहेर रेटून पट्टा ताणायचा आणि बोल्ट पुन्हा आवळायचे. मोबाइलवरच्या व्हिडिओतला माणूस तर हसत हसत करत होता. ताईने बाह्या सरसावल्या आणि आबांची हत्यारांची पेटी उघडली.

वरचा बोल्ट निमूट सुटला. खालचा एका जाड पाइपच्या मागे दडून बसला होता. कुठलाही पाना लावा, पाइपला अडायचा. ती तडक हार्डवेअरच्या दुकानात गेली. तिथल्या मालकाने "हा कुठेही पोचतो" म्हणत एक पाना दिला. तो तिथे सोडून बाकी सगळीकडे पोचत असावा. ताईच्या बोटांची सालटी निघाली, पण ती हटली नाही.

"आबा, तुम्ही कसा सोडवायचात हो हा?"

"वाकडा," आबा म्हणाले. "वाकडा पाना."

तिने पेटी उलटीपालटी केली. सगळे पाने सरळ, लख्ख, ओळीने लावलेले. तेवढ्यात दारात उभा असलेला तिचा नवरा खाकरला. तो नळकाम करायचा, आणि आबा दवाखान्यात असताना ही पेटी त्यानेच हौसेने आवरली होती.

"त्यात एक वाकलेला होता," तो म्हणाला. "मी सरळ केला."

"कशाला?"

"मला वाटलं, मार लागून वाकलाय. बरीच मेहनत पडली गं."

चांगुलपणाशी भांडता येत नाही, हीच तर पंचाईत.

"मग आता वाकवा," ती म्हणाली.

"वाकवतो. पण किती?"

दोघांनी आबांकडे पाहिलं. आबांनी डावा हात वर केला, तर्जनी पुढे धरली आणि मधल्या पेरापासून वाकवली. एवढा.

नवऱ्याने पाना व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळला, ब्लोटॉर्चने लालभडक केला आणि हातोडीने ठोकला. ताई बोटाकडे आणि पान्याकडे आळीपाळीने बघत होती. "अजून थोडा. अजून. आता जास्त झाला, मागे घ्या." आबांचा हात थरथरायला लागला.

"टेकवा आता, आबा."

त्यांनी मान हलवली. बोट खाली आलं तर माप जाईल. ताईने त्यांच्या कोपराखाली आपला तळवा धरला आणि पाना बोटासारखा होईपर्यंत काढला नाही. तिला रडू येत होतं, पण आत्ता त्याला वेळ नव्हता.

गार झालेला पाना पाइपला वळसा घालून बोल्टवर बसला. बोल्ट सैल झाला. ताईने हातोडीचा लाकडी दांडा अडकवून अल्टरनेटर रेटून धरला आणि पट्ट्यावर अंगठा दाबला. आबा तिच्या अंगठ्याकडे बघत होते.

"अजून," ते म्हणाले. आणि मग, "बस."

नवऱ्याने दोन्ही बोल्ट आवळले आणि पाना पुसून पेटीत ठेवायला घेतला.

"जावईबापू," आबा म्हणाले, "सरळ नका करू."

खरी परीक्षा सकाळची होती, कारण थंड इंजिनावर पट्टा सगळ्यात जास्त किंचाळायचा. धाकटा भंगारवाल्याला घेऊन आला, तेव्हा ताई स्टिअरिंगवर होती आणि आबा शेजारी. तिने किल्ली फिरवली. समोरची शेजारीण खिडकी ओढून घेण्याच्या बेतात होती, ती तशीच थांबली.

धाकटा बॉनेटपाशी वाट बघत राहिला. "कर की चालू," तो म्हणाला.

ताई उत्तर देणार होती, पण आबांनी तिला हाताने थांबवलं. काच खाली होती.

"चालूच आहे," ते म्हणाले.