जुडग्याचे वजन

आस्लाकने स्टिअरिंगखालचे आवरण काढले, आत हात घालून एक तार बाहेर ओढली आणि तिच्या टोकाला लहानसा बल्ब जोडला. बल्ब डॅशबोर्डवर चिकटवून तो बोर्गहिल्डच्या शेजारी बसला.

"गाडी बंद पडल्यावरही हा लागलेला राहिला, तर दोष पेट्रोलचा. हाही विझला, तर विजेचा. चल आता. तू रस्ता बघ, बल्ब मी बघतो."

"फिल्टर बदललास तेव्हाही असाच प्रोफेसरासारखा बोलला होतास."

"आणि तू दुसऱ्या वळणावर अडकून बसलीस. ट्रॅक्टरनं ओढून मीच आणली, माहीत आहे."

बोर्गहिल्ड हसली नाही. मागच्या सीटवर तिची बॅग तयार होती. ट्रोम्सो शहरात म्हाताऱ्यांना घरोघर गरम जेवण पोचवण्याचे काम तिला मिळाले होते, पण गाडी स्वतःची हवी या अटीवर. सोमवारी हजर व्हायचे होते. यापूर्वी दोनदा ती निघाली होती आणि दोन्ही वेळा फेरीबोटीच्या धक्क्याआधीच इंजिन गप्प झाले होते. घरी आणून उभ्या गाडीत तपासावे, तर तेच इंजिन दुपारभर सुरळीत चाले. खाडीच्या या टोकाला हिवाळा काढणारी आता दोनच माणसे उरली होती: ती आणि तिचा हा दीर. अजून एक हिवाळा इथे काढला तर आपण बोलणेच विसरू, असे तिला वाटे. आस्लाकजवळ ती हे कधी बोलली नव्हती.

डांबर संपले. खडीवर गाडी हादरू लागली आणि उताराच्या मध्यावर इंजिन बंद पडले.

"विझला!" आस्लाकच्या आवाजात जवळजवळ आनंद होता. "वीजच जातेय. थांब, कशाला हात लावू नकोस."

बोर्गहिल्डने ब्रेक दाबून धरला. गाडी थांबली तरी किल्लीला लटकलेला जुडगा अजून झुलत होता. त्यात साऱ्या वस्तीच्या घरांच्या किल्ल्या होत्या. जो गाव सोडून जाई, तो आपली किल्ली मागे राहणाऱ्याच्या हाती ठेवी. मग नळ गोठू नयेत म्हणून त्याच्या घरातली शेगडी पेटवायची, छपरावरचा बर्फ ओढायचा. किल्ली नाकारण्याची इथे रीत नव्हती. आधी नवऱ्याकडे, तो वारल्यावर तिच्याकडे, अशा त्या जमत गेल्या आणि हरवू नयेत म्हणून तिने त्या गाडीच्या किल्लीतच ओवल्या.

आस्लाकने जुडग्याखाली तळहात धरून तो अलगद उचलला. बल्ब लागला. हात काढताच तो फडफडून विझला. त्याने पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. खात्री पटल्यानंतरही तो ते करत राहिला.

"किल्लीचा स्विच नवा मागवावा लागेल," अखेर तो म्हणाला. "तो यायला वसंत ऋतू..."

तो खिडकीतून बाहेर पाहू लागला. बाहेर पाण्याखेरीज काही नव्हते.

"नाही," तो म्हणाला. "या ओझ्यानं स्विच आतून झिजलाय, एवढंच. नुसती किल्ली लाव, चालेल. नवा तिकडे गेल्यावर बसवून घे."

त्याने गाडीची किल्ली कडीतून सोडवून तिला दिली आणि जुडगा मांडीवर ठेवला. धक्क्यापर्यंतचा सगळा रस्ता खडीचा होता. बल्ब एकदाही फडफडला नाही.

फेरीबोट जवळ येत होती. आस्लाक उतरला.

"मी चालत जाईन."

"एवढ्या लांब?"

"पाय आहेत. ते मधेच बंद पडत नाहीत."

"आस्लाक, त्या किल्ल्या इथे धक्क्यावरच्या दुकानात ठेव. मी सगळ्यांना फोन करते. आपापल्या शेगड्या येऊन पेटवतील."

"आणि मी दिवसभर काय करू?" त्याने जुडगा खिडकीशी धरला. "पिवळ्या घराची कुठली?"

ती एकेक किल्ली दाखवत गेली. त्याने प्रत्येक घराचे नाव तिच्यामागून हळूच उच्चारले.

"आणि ही?"

"माझी."

तो कडी उघडून ती किल्ली वेगळी करू लागला. बोटीची फळी धक्क्यावर टेकली. खलाशाने तिला पुढे येण्याची खूण केली.

"राहू दे ती," बोर्गहिल्ड म्हणाली. "नळ गोठतील."