माझ्या तोंडातली विभूती

मी बोलतोय. इकडेतिकडे बघू नका, जरा वाका. कॉम्प्युटरच्या डब्याला पुढून खालच्या अंगाला एक चपटं तोंड दिसतंय ना, तोच मी. मला यूएसबी पोर्ट म्हणतात. नांदूरघाटात सगळे मला 'चार्जिंगचं भोक' म्हणायचे. मी कधी मनाला लावून घेतलं नाही.

जन्म माझा कुठल्याशा परदेशी कारखान्यातला, पण संसाराला लागलो तो अंबाजोगाईत. तिथं सुटे भाग जोडून आमचा डबा तयार झाला आणि गोधडीत गुंडाळून, एसटीच्या मागच्या सीटवरून, आम्ही गुरुपादअप्पांच्या खत-बियाणांच्या दुकानात आलो. अप्पांना उंदरांची भारी धास्ती. त्यांनी सुताराकडून आमच्यासाठी लाकडी पेटी करून घेतली आणि मागून खिळे ठोकले. माझे मागच्या बाजूचे भाऊ तेव्हापासून जन्मठेपेत आहेत. पुढं उघडा राहिलो तो मी एकटा.

खरं तर माझं काम फोटो आणि गाणी इकडून तिकडं न्यायचं. पण ते लोडशेडिंगचे दिवस. दिवसभर लाईट नाही, आणि अप्पांच्या इन्व्हर्टरवर फक्त कॉम्प्युटर आणि एक ट्यूब. एक दिवस अप्पांच्या पुतण्यानं, रुद्रेशनं, वायर लावून माझ्यातून मोबाईल चार्ज करून दाखवला. झालं! लोक युरियाचं पोतं घ्यायला येत आणि फोन माझ्याकडे ठेवून जात. मीही काही कमी नव्हतो, चांगला फुशारलो होतो.

माणसांची एक खोड आहे. ज्याच्यावर पोट चालतं त्याची ती पूजा करतात. अप्पा सकाळी आंघोळ करून दुकान उघडत, की आधी काट्याला, मग गल्ल्याला आणि मग आम्हाला विभूतीचे तीन पट्टे ओढत. वरचा पट्टा बटणावरून जाई, मधला दिव्यावरून आणि खालचा बरोबर माझ्या तोंडावरून. भक्ती कितीही खरी असली तरी राख ती राखच. रोज चिमूटभर गिळून पौष उजाडेपर्यंत माझा घसा गच्च भरला.

आणि नेमकी तेव्हाच केशरबाई आली. वस्तीवर गुरांजवळ एकटी राहणारी बाई. तिची लेक सुनिता नववा महिना लागलेला असताना नवऱ्याबरोबर, भारतबरोबर, ऊसतोडीला गेलेली. दुखायला लागलं की फोन करते, एवढं सांगून गेलेली. वस्तीवरची डीपी, म्हणजे विजेची पेटी, जळाली होती आणि केशरबाईचा फोन सकाळीच मेला होता.

रुद्रेशनं वायर लावली. माझ्या घशातून पुढं काही सरकेना. पडद्यावर एक पाटी आली. रुद्रेशनं सांगितलं, की कॉम्प्युटर म्हणतोय, फोन ओळखता येत नाही.

"वळखत न्हाई?" केशरबाई म्हणाली. "दर बाजारला येते की मी."

रुद्रेश कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. त्यानं डबा बंद करून चालू केला, परत बंद करून चालू केला. व्हायरस शोधले. मग तोंड लावून माझ्यात जोरात फुंकर मारली. कोरडी राख होती तोवर थोडी तरी आशा होती, थुंकी लागल्यावर तिचा गारा झाला. शेवटी त्यानं अख्खा कॉम्प्युटर फॉरमॅट केला. अप्पांची सगळी गाणी गेली, पण राख जागची हलली नाही.

अप्पांना वेगळाच संशय. आल्या-गेल्याची नजर लागली, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांनी नव्यानं विभूती घेतली आणि या खेपेला मनापासून, अंगठ्यानं दाबून लावली. मला गुदमरल्यासारखं झालं. सिम काढून दुसऱ्या फोनात घालावं हे कुणालाच सुचेना. मला सुचलं होतं, पण मला विचारतो कोण!

दुपार कलली. केशरबाई उठली आणि थेट माझ्यासमोर येऊन बसली. "कावून छळायलास रे मला? काय केलं मी तुजं?" म्हणाली आणि फाडकन डब्याच्या तोंडात भडकावली. जन्मात असा मार खाल्ला नव्हता. पण राखेचा खडा सुटून खाली पडला, आणि फोनचा दिवा लागला.

अप्पांनी हात जोडले. ते कुणाला जोडले ते त्यांनाच माहीत. फोन पुरता जागाही झाला नव्हता, तोच वाजला.

वायर वीतभर. केशरबाईला जमिनीवर बसून कान डब्याला टेकवावा लागला, म्हणून मलाही सगळं ऐकू आलं. भारत फोन पाचटाच्या कोपीत, सुनिताजवळ ठेवून जीप बघायला पळाला होता. बाकी सगळे उसाच्या फडात.

"आये, कोण न्हाई गं इथं. लई दुखायलंय."

"मी हाय की. फोन ठेवू नको. पाठ टेकव कशाला तरी."

अप्पा विभूतीची बोटं तशीच वर धरून उभे राहिले. रुद्रेशनं दारातल्या गिऱ्हाइकांना हातानंच थांबवलं, वायरीला धक्का लागू नये म्हणून. केशरबाई इकडं जमिनीवर बोटं रोवून श्वास घेई, तसा पलीकडं सुनिता घेई. मला भीती एकच, की गाऱ्याचा एखादा कण परत आडवा येईल. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या कामावर जीव टाकला. मग पलीकडं एक बारीक, चिरका आवाज उठला. मागोमाग जीपचा हॉर्न आणि बायकांचा गलका.

"पोरगी हाय आये," सुनिता म्हणाली.

आज मी गोदामात आहे. चार्जर स्वस्त झाले, लाईट बरी झाली, मला कुणी विचारत नाही. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याची पूजा करू नका, त्याला मारूही नका. फक्त फोन भरला म्हणून वायर ओढायच्या आधी कुणी बोलतंय का ते बघा. त्या दिवशी बाळ रडायचं थांबलं, तरी केशरबाईनं कान काढला नाही. अप्पांची दुकान बंद करायची वेळ झाली, आणि तिला उठ म्हणायला कुणी पुढं आलं नाही.