दहांतल्या तिघी

गल्लीत सगळ्या तिला कात्रीताई म्हणत. वीस वर्षं बायकांचे केस कापता कापता नाव पडलं ते पडलंच. दिवसभर हात वर, एकात कंगवा, दुसऱ्यात कात्री. तीन वर्षांपूर्वी उजवा खांदा कुरकुरायला लागला, आणि यंदा तर असा धरला की ड्रायर उचलला तरी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे.

त्याच सुमाराला धाकट्या जावेचाही खांदा धरला. ती शाळेत शिकवायची. फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत हात पोचेना.

"जाऊबाई, दागिने काही समसमान मिळाले नाहीत आपल्याला," ती म्हणाली, "पण दुखणं बघा कसं मापात!"

दोघी एकाच बसने डॉक्टरबाईंकडे गेल्या. त्यांनी दोघींचे एक्स-रे शेजारी शेजारी लावले.

"आजार एकच. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीत कॅल्शियम साठलंय. पण हे बघा," त्यांनी जावेच्या फोटोवर बोट ठेवलं, "यांचं ढगासारखं आहे, कडा विरलेल्या. ते विरघळायच्या बेतात आहे. आणि तुमचं कडक, रेखीव कडांचं, पावट्याएवढं. शिवाय तीन वर्षं जुनं. ते फोडायला मशीनने ध्वनिलहरींचे धक्के दोघींना देऊ. पण आधीच सांगते, माझ्याकडे यांच्यासारख्या दहा आल्या तर आठ बऱ्या होतात. तुमच्यासारख्या दहांत तिघीच. नाही झालं तर पुढचा उपाय आहे, तेव्हा घाबरू नका."

परतताना कात्रीताईचा पारा चढला होता. "तोंडावर सांगायची काय गरज होती? देवाने जीभ दिली म्हणून काय वाट्टेल ते बोलायचं?"

आठवड्याला एक, असे तीन वेळा दोघींनी खांद्यावर ते टकटक धक्के घेतले. दोन महिन्यांत जाऊ फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहायला लागली. कात्रीताईचा हात मात्र जिथल्या तिथे.

मग घरात बोलणं सुरू झालं. "धाकटीने व्यायाम नेमाने केले," सासूबाई म्हणाल्या. "हिला दुकानापुढे वेळ कुठला?"

खरं म्हणजे कात्रीताई रोज सकाळी भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायची. स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटांचे तेलकट डाग पडले होते. पण एकच गोष्ट दहादा कानावर पडली की माणसाला स्वतःचीच शंका यायला लागते. चुकलं असेल का आपलंच काही?

एकदा जेवताना हाच विषय निघाला, तेव्हा जावेने हातातला घास खाली ठेवला.

"आई, माझं कॅल्शियम मऊ होतं, यांचा दगड आहे. डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी तिथेच बसले होते. यात जाऊबाईंची काय चूक?" मग कात्रीताईकडे वळून म्हणाली, "उद्या मी शाळेतून लवकर सुटते. पुढच्या उपायाचं विचारायला जाऊ."

कात्रीताईला एकदम भरून आलं. भाजी तिखट झाली म्हणत तिने डोळे पुसले.

पुढचा उपाय सुईचा होता. खांदा बधिर करून, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत डॉक्टरबाईंनी आत सुई घातली आणि मिठाचं पाणी सोडून तो दगड फोडून धुवून काढला. सिरिंजमध्ये फाटलेल्या दुधासारखं पांढरं उतरलं. जावेने तिचा डावा हात घट्ट धरला होता.

"छातीठोक नाही सांगत," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण तुमच्यासारख्यांना याचा गुण येताना मी जास्त पाहिलाय. आधी थोडे दिवस ठणकेल मात्र."

ठणकलं, चांगलंच ठणकलं. तो महिनाभर जाऊ शाळा सुटली की दुकानात येऊन ड्रायर धरायची. एका बाईचा कान भाजता भाजता वाचला, पण गिऱ्हाईक एकही तुटलं नाही.

तिसऱ्या महिन्यात सरळ वर नेलेला हात कानाला टेकायला लागला. कात्रीताई मुद्दाम दवाखान्यात गेली.

"सलग किती वेळ हात वर राहतो?" डॉक्टरबाईंनी वही उघडली.

"पाऊण तास." त्यांनी ते लिहून घेतलं. कात्रीताई पुढे म्हणाली, "डॉक्टर, हात बरा केलात त्याचे उपकार आहेतच. पण तुम्ही तेव्हा गोड बोलला असतात, तर मी स्वतःलाच दोष देत बसले असते. इथे परत आलेच नसते."

"खरं सांगितलं की लोक रागावतात हो. तुम्हीही रागावला होतात."

"होते तर! बसमध्ये तुमचा कसा उद्धार केला, ते माझ्या जावेला विचारा." दोघी खळखळून हसल्या.

त्यानंतरच्या रविवारी सासूबाई दुकानात आल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. खुर्चीत बसल्या, विरळ अंबाडा सोडला.

"टोकं काप जराशी. आणि हे बघ, मी बोलले ते मनात धरू नकोस."

"धरलं होतं, आई. आता नाही."

सासूबाईंनी आरशातूनच मान डोलावली. कात्रीताईने त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि कंगवा ओला केला.