उन्हाला घाबरलेलं घर

नवऱ्याच्या पाठीवरचा काळा डाग कापून काढला आणि तो मेलॅनोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर निघाला, तेव्हापासून त्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरात ऊन शिरलं नाही. तो पत्रे बसवणारा. उभा जन्म उघड्या पाठीनं छपरांवर गेलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उन्हात भाजून घेऊ नका. यानं ऊनच तोडलं. खिडक्यांना घोंगड्या ठोकल्या, लेकीला, बबडीला, शाळेतून काढून घरात बसवलं. बायकोनं समजावलं, ती भांडली, तिनं अबोला धरला. तो ढिम्म. माझं झालं ते तिचं व्हायला नको, हे एकच पालुपद.

दुसरं वर्ष सरता सरता बबडीचे पाय ठणकायला लागले. जिन्यात मध्येच बसून राहायची. मग एके दिवशी स्टुलावरून घसरली आणि तेवढ्यानं मनगट मोडलं.

रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व पार तळाला गेलंय, हाडं मऊ पडलीत, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि थेंब लिहून दिले.

"थेंबांवर भागतंय तर मग बाहेर कशाला?" त्यानं विचारलं.

"थेंबांनी हाडं भरतील," बाई म्हणाल्या. "पण तिला पळायचंही आहे ना? सकाळी खेळू दे. भाजू मात्र देऊ नका."

घरी आल्या आल्या आईनं एक घोंगडी ओढून काढली. त्यानं तिचं मनगट धरलं. मग छपरावर कधी तोल न गेलेला तो माणूस गुडघ्यांवर आला.

"नको पाठवूस तिला. पाया पडतो तुझ्या."

त्याला उठवायला तिनं काखेत हात घातला. बोटांना गाठ लागली. चांगली टणक.

"कधीपासून आहे ही?"

त्यानं हात अंगाशी घट्ट आवळून घेतला. उद्याच दवाखान्यात जायचं, असं ती म्हणाली. मग तिनं बबडीच्या डोक्यावर टोपी घातली, तिला धरून खाली अंगणात सोडलं, वर आली आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसली.

"टोपी आहे ना डोक्यावर?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता.

"आहे," ती दर वेळी सांगत होती. बसल्या जागेवरून अंगण दिसत नव्हतं.