समुद्राच्या आड येणारं घर

आईला जाऊन सात आठवडे झाले आणि ती जिथे ऊसमजूर होती त्या हॉलोवेल इस्टेटवरून फोन आला. त्यांना आईचं घर हवं होतं.

दोन खोल्यांचं लाकडी घर, नुसत्या रचलेल्या दगडांवर टेकवलेलं. बार्बाडोसभर ऊसमजुरांची घरं अशीच असत. जमीन मालकाची, त्याने जा म्हटलं की फळ्या सुट्या करून गाडीवर घालायच्या. एकाहत्तर साली आईला जा म्हटलं गेलं. बंगल्याच्या व्हरांड्यातून समुद्र बघताना आमचं घर मध्ये येतं, अशी मालकीणबाईंची तक्रार होती. आईने घर सुटं करून गावात नेलं आणि पुन्हा उभं केलं. आता त्या बंगल्यात पर्यटक येतात, आणि मजुराच्या अस्सल घरावाचून इस्टेट अपुरी वाटते म्हणे.

रिकामं घर वाळवीला लवकर कळतं. देऊन टाकावं की ठेवावं, मला ठरवता येईना. म्हणून व्हेरोना मावशीला घेऊन इस्टेटवर गेले.

व्यवस्थापक कॉर्बिन यांनी ऊस गाळायची जुनी पवनचक्की दाखवली, रस उकळायच्या कढया दाखवल्या.

"पाहुण्यांना इथे फार शांत वाटतं," ते म्हणाले.

"वाटेलच की! त्यांना कुठे ऊस तोडायचाय?" मावशी म्हणाली.

आईचं घर ते लोक गाड्या लावायच्या जागेमागे मांडणार होते.

"दारावर पाटी लावू. तुमच्या आईंचं पूर्ण नाव घालू."

युडीन अगस्टा ग्रीनिज. हजेरीपटाखेरीज हे नाव इथे कुणी लिहिलं नव्हतं. माझं मन घर देण्याकडे झुकलं.

"जुन्या जागीच ठेवाल का?" मी विचारलं.

"अर्थात! अस्सलपणा महत्त्वाचा. कुठे होतं?"

मी व्हरांड्यातून बोट दाखवलं. हिरवळीच्या मधोमध, जिथे आज कुणाच्या तरी लग्नाची पांढरी कमान उभी होती.

कॉर्बिन घुटमळले. "तिथे... मॅडम, समुद्र झाकला जाईल हो."

"म्हणजे समुद्र अजून तिथेच आहे!" मावशी म्हणाली.

मी त्यांचे आभार मानले आणि घर देणार नसल्याचं सांगितलं.

"निदान दारं-खिडक्या?" त्यांनी सभ्यपणे विचारलं.

"त्या मला लागतील. मी आईच्या घरात राहायला जातेय."

मावशीने चमकून पाहिलं. गाडीत बसताच तिने विचारलं,

"कधी ठरवलंस गं हे?"

"आत्ताच."

"मग आधी पत्रे बदल. मागच्या खोलीत गळतं. तुझी आई पलंग सरकवून झोपायची, पण कुणाला सांगेल तर शपथ."