पाठीमागची माणसं

कानाची पाळी लोंबती नव्हती. ती खालपर्यंत सरळ गालाला चिकटलेली होती, आणि वरच्या बाजूला, जिथे कानाची कड आत वळते तिथे, एक बारीक उंचवटा होता. पडद्यावर फोटो इतका मोठा केला होता की त्याचे चौकोन चौकोन दिसू लागले होते, तरी उंचवटा जागचा हलला नव्हता. कालिंदीने फोटो लहान केला, परत मोठा केला. सावली असती तर कडेला विरत गेली असती. हा विरत नव्हता.

"तोच आहे," तिच्या खुर्चीमागून अवधूत म्हणाला.

"कान तसा आहे," ती म्हणाली.

"दाढी वाढवलीय. केस विरळ झालेत. आठ वर्षांत होतातच. कान बदलत नाही, हे तूच सांगितलंयस मला."

सांगितलं होतं खरं. कालिंदी परळच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत गेली पंचवीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत होती. काचपट्टी एका कडेने सुरू करायची, ओळीने सरकायचं, एकही कोपरा सोडायचा नाही. घरी फोटोही ती तसेच वाचायची. या फोटोत पुढे डाव्या कडेला भेळेचा कागद धरून त्यांची मुलगी नूपुर उभी होती, आणि उरलेल्या मोकळ्या जागेत गिरगाव चौपाटीवरची रविवारची गर्दी होती. तो माणूस कुल्फीच्या गाडीपाशी, समुद्राकडे तोंड करून होता.

त्यांचा मोठा मुलगा नील एकोणिसाव्या वर्षी घरातून गेला. एका साध्या मंगळवारी "खाली जाऊन येतो" म्हणून चपला घालून उतरला, तो परत आलाच नाही. फोन टेबलावर, पाकीट खुंटीवरच्या पँटमध्ये. भांडण नव्हतं, निकाल नव्हता, चिठ्ठी नव्हती. पोलीस झाले, इस्पितळं झाली, शवागारं झाली, कुलदैवताला कौल लावून झाला. वर्षभराने अवधूतचा चुलतभाऊ लवू सांगत आला, की शिवाजी पार्कच्या गर्दीत नीलसारखा मुलगा पाहिला, हाक मारेपर्यंत दिसेनासा झाला. लवूने हे चहा पिता पिता सांगितलं आणि पुढे तो विसरूनही गेला. पण त्या एका कप चहावर या घराचे पुढचे सगळे रविवार गेले. शिवाजी पार्क, राणीची बाग, चौपाटी, सिद्धिविनायकाची रांग. प्रभादेवीच्या त्यांच्या गल्लीत लोक म्हणत, काय हौशी कुटुंब आहे, दर रविवारी फिरायला!

आधी अवधूत नुसतेच गर्दीचे फोटो काढायचा. मग एकदा दादरला एकाने त्याची कॉलर धरली. "बायकापोरींचे फोटो काढतोस रे म्हाताऱ्या?" त्या दिवसापासून नूपुर पुढे उभी राहू लागली. पुढे आपलीच मुलगी असली की बापाला कोणी काही विचारत नाही. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. "डावीकडे सरक बाळा. अजून थोडी. हं, आता हस."

फोन या कामाला निरुपयोगी ठरला. तो पुढच्या माणसाला उठाव देऊन मागचं सगळं धुक्यात घालायचा, आणि तशी सोय बंद केली तरी लांबच्या चेहऱ्यांवरून मेणाचा हात फिरवायचा. मग नीलच्या दहावीनंतर महाबळेश्वरला जाताना घेतलेला, मुठीत मावणारा कॅमेरा कपाटातून बाहेर आला. त्याचं भिंग इवलंसं आणि आतला संवेदक नखाएवढा, त्यामुळे पुढचं माणूस आणि मागची गर्दी सारखीच रेखीव येते. फोटोग्राफीच्या हौशी लोकांना हे आवडत नाही. कालिंदीने मात्र याचं कारण अवधूतला कागदावर किरणांच्या रेघा काढून समजावलं होतं, आणि त्या दिवशी दोघांनाही बऱ्याच काळाने बरं वाटलं होतं.

"येत्या रविवारी परत चौपाटी," अवधूतने आतल्या खोलीकडे बघून आवाज दिला. "ऐकलंस ना गं नूपुर?"

"रविवारी प्रितीचा वाढदिवस आहे, बाबा."

"मग रात्री जा की. वाढदिवस काय पळून जातोय?"

 आतून "बरं" आलं. ती चिडली असती तर कालिंदीला सोपं गेलं असतं.

गुरुवारी संध्याकाळी प्रिती क्लासला जाताना नूपुरला न्यायला आली. ही लालबागची मुलगी, उंबऱ्यातूनच बोलत आत येणारी.

"काकू, तुम्हीच सांगा हिला काहीतरी. हे बघा आमच्या कॉलेजचे फोटो. एवढी उंच पोरगी, मध्ये उभी राहा म्हटलं, तर बाईसाहेब कडेला. आणि उभी कशी, तिरकी! जसं काय मागून कोण मंत्री येतोय."

"गप गं," नूपुर बुटाची नाडी बांधत म्हणाली.

"का गप? लग्नात पण ही नवऱ्याला सांगेल बघा, 'तू जरा सरक रे, मागचं दिसू दे!'"

तिघीही हसल्या. कालिंदीने फोन हातात घेतला. एका फोटोत सहा मुली गळ्यात गळे घालून, आणि त्यांच्यापासून हातभर लांब, एक खांदा मागे घेतलेली नूपुर. दुसऱ्यात तेच. तिसरा कोणीतरी तिच्या एकटीचा काढला होता, वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात. तिच्यामागे नुसती भिंत होती, पिवळट, ओल आलेली. त्या भिंतीसमोरही ती जागा सोडून उभी होती.

मुली गेल्यावर कालिंदीने संगणक उघडला. साठवलेल्या फोटोंतून ती आज पहिल्यांदाच पुढचं माणूस बघत सुटली. नऊ वर्षांची नूपुर, दात पडलेली. दहाची, अकराची, हातात कणीस, हातात फुगा, कधी नुसतेच रिकामे हात. चष्मा लागलेली. एका फोटोत ती स्पष्ट रडत होती आणि तो फोटो कालिंदीने त्या वेळी कोपरा न कोपरा तपासला होता; रडणं तिच्या नजरेस पडलं नव्हतं. मुलगी फोटोच्या मध्यभागी आहे असा एकतरी फोटो सापडेल म्हणून ती मागे मागे जात राहिली. सापडला तो महाबळेश्वरचा, आणि त्यात नूपुर नीलच्या खांद्यावर बसलेली होती.

प्रयोगशाळेत जंतू दिसला नाही, तर अहवालात 'नाही' असं कधी लिहीत नाहीत. 'आढळला नाही' असं लिहितात. कालिंदीने हा फरक किती नव्या मुलींना शिकवला होता. घरीही ती इतकी वर्षं त्याच फरकाला धरून लोंबकळत होती. जे बोलायचं ते वाक्य तिच्याजवळ केव्हाचं तयार होतं. भाजी चिरताना, जिना चढताना ते तिने मनात म्हणून बघितलं होतं. तोंडाशी आलं की तिला वाटायचं, आपण हे उच्चारलं त्याच क्षणी मुलगा कुठेतरी मरेल. असं वाटण्याला काही अर्थ नाही हेही तिला कळायचं. कळून उपयोग व्हायचा नाही.

आज बोलायचंच, असं ठरवून ती जेवायला वाढू लागली. पण अवधूतने आमटीचा भुरका मारला आणि पुन्हा भात मागून घेतला. कित्येक महिन्यांत त्याने दुसऱ्यांदा भात मागितला नव्हता.

"दोन्ही बॅटऱ्या चार्ज करून ठेवतो," तो म्हणाला. "भेटला तर रागवायचं नाही हं कालिंदी. काही विचारायचंच नाही. घरी चल, एवढंच म्हणायचं."

तिने भात वाढला.

रविवारी ऊन उतरल्यावर ते चौपाटीवर पोचले. वाळूत जागोजाग चटया, पोरांचा गलका, मक्याच्या शेगड्यांचा धूर. नूपुरने सवयीने गर्दीवरून नजर फिरवली आणि कुल्फीची गाडी तिरक्या रेषेत मागे येईल अशी जागा स्वतःच शोधून उभी राहिली. तिला काही सांगावं लागलं नाही.

"काका, अजून हा डबा वापरता?" बाजूने जाणारा एक पोरगा हसला. "मोबाईल नाय काय?"

अवधूतला ते ऐकूच गेलं नाही. त्याने कॅमेऱ्याची नळी पुढे काढून बघितलं, मग कॅमेरा खाली घेतला. गाडीमागे तो माणूस होता. पाठमोरा. तोच कान. कालिंदीलाही आता तो नुसत्या डोळ्यांनी दिसत होता.

"नील!" अवधूत ओरडला.

माणूस वळला नाही. अवधूत वाळूतून धडपडत निघाला, एक चप्पल मागेच राहिली. ती उचलून नूपुर त्याच्यामागे गेली. जवळ जाऊन त्याने त्या माणसाच्या दंडाला धरलं.

"नील, अरे..."

माणूस वळला. पस्तिशीचा होता. रुंद नाक, पिंगट डोळे, एक दात सोन्याने मढवलेला. कानाखेरीज काहीही नील नव्हतं.

"काय झालं काका?"

"तुझं... तुमचं नाव काय?"

"मयूर. का हो?" त्याने तिघांकडे पाहिलं. "तुम्ही गेल्या रविवारी पण होतात ना इथं? ताईचा फोटो काढत होतात. मी बायकोला म्हटलं पण, बघ, किती कौतुक पोरीचं."

अवधूतने दंड सोडला. त्याचा हात तसाच हवेत राहिला. कालिंदीने पुढे होऊन "ओळखीचे वाटलात" असं काहीतरी म्हटलं.

"होतं असं. माझं थोबाडच तसं, कॉमन," मयूर हसला. मग अवधूतचा चेहरा बघून तो जरा घाबरला असावा. "बसा काका इथं. पाणी देऊ? बरं एक काम करा, द्या तो कॅमेरा इकडं. सारखे तुम्हीच काढता, तुमचा कोण काढणार? तिघं उभे राहा. एक फॅमिली फोटो."

नाही म्हणायला कोणाच्याच अंगात त्राण नव्हतं. ते उभे राहिले. अवधूत एका टोकाला, कालिंदी दुसऱ्या, आणि नूपुर आपोआप डावीकडे सरकली. तिघांच्या मधून समुद्र दिसत होता.

"अहो, जवळ या की! भांडण झालंय का?" मयूर ओरडला. "ताई, मध्ये या. मध्ये! पाठी काय हाय बघण्यासारखं?"

नूपुरने आईकडे पाहिलं. मध्ये म्हणजे कुठे, असं ती विचारते आहे हे कालिंदीला कळलं. तिने मुलीचा दंड धरून तिला आपल्याजवळ ओढलं. सोळा वर्षांची पोरगी लाकडासारखी ताठ झाली. तिला हात कुठे ठेवावेत ते कळेना, शेवटी तिने बापाची चप्पलच पोटाशी धरली.

"हसा!"

कोणी हसलं की नाही, ते मयूरने पाहिलं नाही. गिऱ्हाईक खोळंबलं होतं. त्याने कॅमेरा अवधूतच्या हातात दिला आणि तो गाडीकडे पळाला.

अवधूतने छोट्या पडद्यावर तो फोटो आणला. क्षणभर तिघंही त्यात दिसली. मग त्याच्या अंगठ्याने सवयीने बटण दाबलं, आणि पडद्यावरून आधी कालिंदी गेली, मग तो स्वतः, मग नूपुर. मागची गर्दी जवळ येत राहिली.

"हा बघ," तो म्हणाला.  "हा निळ्या शर्टवाला. स्टेशनच्या पुलाकडे चाललाय. मान बघ याची, कालिंदी. चल, अजून लांब गेला नसेल."

नूपुर निमूट पुढे झाली आणि पुलाच्या दिशेला तोंड करून, एक खांदा मागे घेऊन उभी राहिली.

कालिंदी जागची हलली नाही. तिने हात पुढे करून कॅमेऱ्याचा पडदा तळव्याने झाकला.

"अहो," ती म्हणाली, "मी आता नीलला शोधणार नाही."